घड्याळ कोणाच्या हाती? डॅकच्या पाठीवरील सॉकेटांचा इतिहास

१/ हेडफोनसाठीचा एखादा चांगला डॅक-ॲम्प्लिफायर वळवून पाहिला, तर त्याच्या पाठीवर निरनिराळ्या आकारांची चार-पाच सॉकेट दिसतात : यूएसबी, ऑप्टिकल, कोॲक्शियल, क्वचित एक्सएलआर आणि काही महागड्या यंत्रांत आयटूएस. डॅक म्हणजे आकड्यांचे विजेच्या लहरीत रूपांतर करणारे यंत्र. या सर्व वाटांनी त्याच्याकडे तेच आकडे येतात. मग एवढ्या वाटा कशासाठी, आणि त्यांतील उत्तम कोणती? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच्या इतिहासात आहे. हा थ्रेड त्या इतिहासाचा.

२/ ध्वनी आकड्यांत साठवताना दर सेकंदाला ठरावीक वेळा त्याच्या लहरीची उंची मोजली जाते. सीडीसाठी ही संख्या ४४,१०० आहे. ध्वनी परत ऐकवायचा, तर तेच आकडे तेवढ्याच अंतराने उलगडावे लागतात. म्हणजे डॅकला दोन गोष्टी कळायला हव्यात : आकडा कोणता, आणि तो नेमका कोणत्या क्षणी बाहेर काढायचा. आकडा तारेतून बिनचूक पाठवणे सोपे आहे. क्षण बिनचूक पाठवणे अवघड. गेल्या चाळीस वर्षांत या जोडण्यांमध्ये जे बदल झाले, ते मुख्यतः ‘घड्याळ कोणी सांभाळायचे’ या एका वादातून झाले. मध्येच त्यात ‘नक्कल करण्याचा हक्क कोणाचा’ हा दुसरा वाद शिरला आणि त्याने तर अमेरिकेच्या संसदेपर्यंत मजल मारली.

३/ आधी ४४,१०० या विचित्र आकड्याविषयी. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस डिजिटल ध्वनी मावेल एवढी क्षमता आणि सहज उपलब्धता व्हिडिओ टेपमध्येच होती. म्हणून ध्वनीचे नमुने चित्राच्या रेघांत बसवले गेले. अमेरिका-जपानच्या पद्धतीत सेकंदाला ६० फील्ड, प्रत्येकात वापरता येतील अशा २४५ रेघा, दर रेघेत ३ नमुने : गुणाकार ४४,१००. युरोपच्या पद्धतीत ५० फील्ड, २९४ रेघा, ३ नमुने : गुणाकार पुन्हा ४४,१००. दोन्ही खंडांच्या यंत्रांना चालणारा हा आकडा सीडीने उचलला आणि व्हिडिओ टेप अस्तंगत झाल्यावरही तो उरला आहे.

४/ १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ हा सीडी प्लेयर जपानमध्ये विक्रीस आला. त्यात डॅक पेटीच्या आतच होता. एकच क्वार्ट्झ स्फटिक तबकडीच्या फिरण्यालाही ताल देत असे आणि डॅकलाही. घड्याळ एक, धनी एक. तंट्याला जागाच नव्हती. आकडे पेटीबाहेर काढून दुसऱ्या पेटीतल्या डॅककडे सोपवायचे ठरले, तेव्हा अडचण सुरू झाली.

५/ पेटीबाहेरची सर्वांत जुनी घरगुती वाट ऑप्टिकल. तोशिबाने १९८३ मध्ये आपले सीडी प्लेयर आपल्याच रिसीव्हरांना जोडण्यासाठी ती काढली, म्हणून नाव टॉसलिंक. एका टोकाला लाल एलईडी, दुसऱ्या टोकाला प्रकाश ओळखणारा सेन्सर आणि मध्ये सुमारे १ मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा धागा. दूरसंचारात वापरतात त्या केसासारख्या काचेच्या तंतूशी याची तुलना करू नये. हा स्वस्त, जाड, घरगुती धागा आहे. परंतु त्याच्यात एक गुण असा आहे, जो इतर कोणत्याही जोडणीत आपोआप येत नाही : त्यातून वीज वाहत नाही. या गुणाचे महत्त्व पुढे दिसेल.

६/ याच सुमारास व्यावसायिक स्टुडिओ आणि रेडिओ केंद्रांना समान भाषेची गरज भासत होती. अमेरिकेतील ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी आणि युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन यांनी मिळून घडवलेले मानक १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते एईएस/ईबीयू, म्हणजेच आजच्या डॅकवरील तीन पिनांचे एक्सएलआर सॉकेट. सॉकेटाची निवड व्यवहारी होती. मायक्रोफोनसाठी टाकलेल्या तारा आणि त्यांचे एक्सएलआर जोड प्रत्येक स्टुडिओत आधीपासून होतेच. नव्या डिजिटल संकेताला त्याच वळणाच्या तारांतून लांबवर जाता यावे, अशी ती आखणी होती.

७/ सोनी आणि फिलिप्स यांनी याच मानकाची घरगुती आवृत्ती काढली. सोनी-फिलिप्स डिजिटल इंटरफेस, आद्याक्षरांनी एसपीडिफ. १९८९ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाच्या मानकात स्थान मिळाले. स्टुडिओत संकेत काही व्होल्टांचा असतो, येथे अवघा अर्धा व्होल्ट. आणि सॉकेट तेच, जे रेडिओ-ग्रामोफोनसाठी आरसीए कंपनीने तीसच्या दशकात आणले होते. केबल मात्र ७५ ओहमची हवी. जुन्या व्हीसीआर-डीव्हीडीबरोबर येणारी पिवळ्या टोकाची व्हिडिओ केबल नेमकी त्याच मापाची असते, त्यामुळे ती येथे निमूटपणे चालते. ‘खास डिजिटल’ म्हणून अव्वाच्या सव्वा दराने विकल्या जाणाऱ्या केबलींच्या जाहिरातींत ही माहिती सहसा आढळत नाही!

८/ ऑप्टिकल, कोॲक्शियल आणि एक्सएलआर यांचे रूप वेगळे असले, तरी तिन्हींची भाषा जवळजवळ एकच. प्रत्येक नमुन्याला ३२ बिटांची जागा; त्यांतील २४ पर्यंत ध्वनीसाठी, उरलेली खुणा आणि तपासणीसाठी. डाव्या-उजव्या मिळून ६४ बिटांची एक फ्रेम, आणि १९२ फ्रेमांचा एक गट. प्रत्येक बिटाच्या आरंभी संकेत एकदा उलटतो. बिट १ असेल तर मध्यावर आणखी एकदा उलटतो. या युक्तीमुळे आकडे आणि घड्याळ दोन्ही एकाच तारेतून जातात. स्वतंत्र घड्याळाची तार वाचली. ही काटकसर नंतर महाग पडली.

९/ पण त्याआधी ते दुसरे भांडण उभे राहिले. १९८७ मध्ये जपानमध्ये डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप, बाजारात आली. साध्या कॅसेटवर नक्कल केली की खरखर वाढते, नकलेची नक्कल आणखी खराब होते. डॅटवर हजारावी नक्कलही मूळ प्रतीइतकीच स्वच्छ. अमेरिकेतील रेकॉर्ड कंपन्यांच्या पायाखालची जमीन सरकली. सुरुवातीच्या घरगुती डॅट यंत्रांत सीडीच्या ४४,१०० या दराने थेट डिजिटल ध्वनिमुद्रण करण्याची सोयच ठेवलेली नव्हती. तरीही कंपन्यांचे समाधान होईना.

१०/ सीबीएस रेकॉर्ड्सने तोडगा सुचवला, त्याचे नाव कॉपीकोड. प्रत्येक रेकॉर्डमधून ३८४० हर्ट्झच्या आसपासचा एक अरुंद पट्टा कापून टाकायचा. टेप यंत्राला तो गायब आढळला की त्याने मुद्रण थांबवायचे. पियानोच्या उजव्या टोकाकडील दोन लगतच्या स्वरांच्या बरोबर मधली ही जागा. म्हणजे चोर पकडण्यासाठी घरमालकाच्याच भिंतीला भोक पाडण्याचा हा प्रकार होता. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने त्याची परीक्षा घेतली आणि मार्च १९८८ च्या अहवालात तीन निष्कर्ष नोंदवले : योजना नेहमी काम करत नाही, संगीताची हानी करते, आणि तिला सहज चकवा देता येतो. कॉपीकोड तेथेच संपला.

११/ मौज अशी की, अहवाल येण्याच्या दोन महिने आधी, जानेवारी १९८८ मध्ये, डॅट विकणाऱ्या सोनीनेच सीबीएस रेकॉर्ड्स २ अब्ज डॉलरला विकत घेतली होती. यंत्रे विकणारा आणि गाणी विकणारा आता एकाच छपराखाली आले. १९८९ मध्ये अथेन्स येथे यंत्रनिर्माते आणि रेकॉर्ड कंपन्या यांच्यात समझोता झाला. त्यातून सीरियल कॉपी मॅनेजमेंट सिस्टीम निघाली : मूळ सीडीची डिजिटल नक्कल करता येईल, पण त्या नकलेची नक्कल यंत्र नाकारेल. ही आज्ञा कोठे लिहायची? एसपीडिफच्या त्या १९२ फ्रेमांच्या गटात खुणांसाठी राखलेल्या बिटांमध्ये.

१२/ गीतकार या समझोत्यावर संतुष्ट नव्हते. १९९० मध्ये सॅमी कान आणि इतरांनी सोनीवर दावा लावला. तडजोड झाली आणि तिचे पर्यवसान ऑक्टोबर १९९२ च्या ऑडिओ होम रेकॉर्डिंग ॲक्टमध्ये झाले. घरगुती डिजिटल ध्वनिमुद्रण यंत्रांत नक्कलबंदी सक्तीची झाली; यंत्रांवर २ टक्के आणि कोऱ्या टेपांवर ३ टक्के आकार बसला. व्यावसायिक यंत्रे वगळली गेली. घरगुती आणि व्यावसायिक जोडणीतील फरक व्होल्टचा आणि पिनांचा आहे तितकाच तो हक्काचाही आहे : एकीत नकलेची मनाई लिहिण्याची जागा आहे, दुसरीत नाही.

१३/ आणि साधा संगणकही या कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिला. डायमंड कंपनीच्या रिओ या छोट्या एमपीथ्री प्लेयरवर रेकॉर्ड उद्योगाने खटला भरला, तेव्हा १९९९ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने हेच सांगितले की संगणकाच्या हार्ड डिस्कवरून गाणी घेणारे हे यंत्र कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. डॅटच्या दाराला कुलूप घालताना संगणकाची खिडकी उघडी राहिली होती. संगीत त्या खिडकीतून बाहेर पडले आणि त्याच्या मागोमाग यूएसबीचा प्रवेश झाला. तिच्याकडे वळण्यापूर्वी घड्याळाकडे परत यायला हवे.

१४/ ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात स्वतंत्र डॅकची बाजारपेठ वाढली आणि जाणकारांना एक विसंगती खटकू लागली. आकडे बिनचूक पोचत आहेत, तरी मोजमापात फरक का पडतो? उत्तर घड्याळात होते. डॅकला तारेतील उलटसुलट कडांवरून ताल ओळखावा लागतो. ऑक्टोबर १९९२ मध्ये ख्रिस डन आणि माल्कम हॉक्सफर्ड यांनी सॅन फ्रान्सिस्को येथील अधिवेशनात जो शोधनिबंध मांडला, त्याचे शीर्षकच ‘ही जोडणी सदोष आहे का?’ असा प्रश्न विचारणारे होते. त्यांचा मुद्दा असा : केबल आणि संकेतमार्ग यांची क्षमता मर्यादित असल्याने कड तिरकी होते, आणि ती नेमकी केव्हा ओळखली जाईल हे तिच्या आधी कोणते बिट गेले यावर अवलंबून राहते. म्हणजे संगीतच स्वतःच्या घड्याळाला धक्के देते! या हेलकाव्यांना जिटर म्हणतात.

१५/ धक्का केवढा असला म्हणजे तो उपद्रवी ठरावा? गणित सोपे आहे. २० किलोहर्ट्झचा पूर्ण उंचीचा स्वर १६ बिटांत मांडला आणि चूक सर्वांत लहान पायरीच्या निम्म्यावर जाऊ द्यायची नसेल, तर वेळेतील चूक सुमारे १२१ पिकोसेकंदांच्या आत हवी. तेवढ्या वेळात प्रकाश साडेतीन सेंटिमीटरच्या थोडासा पुढे जातो. हा आकडा ऐकून नव्वदच्या दशकात अनेकांची झोप उडाली आणि ‘जिटर घालवणाऱ्या’ पेट्यांचा धंदा तेजीत आला.

१६/ येथे भेद करणे आवश्यक आहे. १२१ पिकोसेकंद ही कागदावरील अत्यंत कठोर अट आहे, कानाची मर्यादा नव्हे. डॉल्बीचे बेंजामिन आणि गॅनन यांनी १९९८ मध्ये, तर जपानमध्ये आशिहारा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये श्रोत्यांवर प्रयोग केले. संगीत ऐकताना जिटर ओळखू येण्यासाठी तो दहापट-शंभरपट नव्हे, तर त्याहूनही मोठा, म्हणजे दहा-वीस नॅनोसेकंदांपासून शेकडो नॅनोसेकंदांपर्यंत असावा लागतो, असे दिसले. आजच्या सामान्य डॅकचा जिटर याच्या पुष्कळ खाली असतो. जिटर खोटा नव्हता. त्याची भीती मात्र प्रमाणाबाहेर विकली गेली.

१७/ यूएसबीचे पहिले मानक जानेवारी १९९६ चे. इंटेलमधील ज्या चमूने ते घडवले, त्याचे एक प्रमुख शिल्पकार अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसलेल्या सयाजीरावांच्या नावाचे विद्यापीठ आणि आज जगभर खिशाखिशात असलेली जोडणी यांचा हा धागा मराठी इतिहासप्रेमींच्या सहसा लक्षात येत नाही. यूएसबीचा मूळ हेतू मात्र संगीत नव्हता. कीबोर्ड, माउस, प्रिंटर यांच्यासाठीच्या निरनिराळ्या सॉकेटांचा गोंधळ संपवणे, एवढेच तिचे काम होते.

१८/ ध्वनीसाठीचे यूएसबी नियम मार्च १९९८ मध्ये आले आणि त्यांत घड्याळाचे अनेक मार्ग दिलेले होते. पहिल्या पिढीतील बहुतेक डॅकनी ‘ॲडॅप्टिव्ह’ मार्ग घेतला : संगणक ज्या गतीने देईल, त्या गतीशी डॅकने जुळवून घ्यायचे. संगणक दर मिलिसेकंदाला एक पुडके पाठवतो. ४४,१०० ला हजाराने भागले की ४४.१ येतात, नमुन्याचा दशांश पाठवता येत नाही. म्हणून नऊ पुडक्यांत ४४-४४ नमुने आणि दहाव्यात ४५. अशा अडखळत्या चालीवरून बिचाऱ्या डॅकने सरळ ताल काढायचा. यूएसबीला ‘हलकी’ जोडणी ठरवणारी जी कुप्रसिद्धी मिळाली, ती या काळाची आहे.

१९/ त्याच १९९८ च्या नियमांत उलट मार्गही लिहून ठेवला होता : ‘असिंक्रोनस’. डॅकमध्ये स्वतःचा स्फटिक. डॅक आपल्या तालावर आकडे उलगडतो आणि संगणकाला उलट निरोप धाडतो, जरा अधिक पाठव, जरा कमी पाठव. घड्याळ पुन्हा डॅकच्या घरी आले. १९८२ च्या एकपेटी सीडी प्लेयरमध्ये जी सोय होती, तीच दोन पेट्यांत परत मिळाली. मग हा मार्ग रूढ व्हायला दहा वर्षे का लागली? कारण ॲडॅप्टिव्ह चिप तयार आणि स्वस्त मिळत असे, ती जोडली की काम झाले. असिंक्रोनससाठी स्वतः प्रोग्राम लिहावा लागे. वेव्हलेंग्थ ऑडिओच्या गॉर्डन रँकिन यांनी तो लिहिला, आणि २००९ मध्ये एअर कंपनीच्या क्यूबी-९ या डॅकमुळे तो सर्वत्र चर्चेत आला.

२०/ मधल्या काळात बेंचमार्क कंपनीने २००२ च्या डॅक-१ मध्ये निराळा उपाय योजला होता. हेडफोन ॲम्प्लिफायर आणि डॅक एकाच छोट्या पेटीत, आणि आत असा परिवर्तक की येणाऱ्या आकड्यांचा दर बदलून ते डॅकच्या स्वतःच्या स्थिर घड्याळावर नव्याने बसवायचे. आलेल्या घड्याळाचे हेलकावे बहुतांशी उंबरठ्यावरच अडतात. अशा रचनेच्या डॅकमध्ये ऑप्टिकल की कोॲक्शियल, या वादाला फारसा अर्थ उरत नाही.

२१/ आयटूएसचे प्रकरण थोडक्यात. फिलिप्सने १९८६ मध्ये ही पद्धत एकाच पेटीतील चिपांना आपसांत बोलण्यासाठी आखली. घड्याळाची तार वेगळी, आकड्यांची वेगळी. तत्त्व उत्तम. पण पेटीबाहेर तिचे कोणतेही सर्वमान्य मानक नाही. एचडीएमआयच्या सॉकेटातून ती बाहेर काढणाऱ्या कंपन्यांच्या पिनांची मांडणी सारखी नसते. दोन्ही यंत्रे एकाच घराण्याची असतील तरच तिचा विचार करावा.

२२/ आता निवड. स्रोत संगणक किंवा फोन असेल, तर असिंक्रोनस यूएसबी ही बहुतेकांसाठी योग्य जोडणी. २००९ पूर्वीचे तिच्याविषयीचे आक्षेप आजच्या यंत्रांना लागू नाहीत. क्षमतेचीही अडचण राहिलेली नाही. जुन्या नियमांत एका पुडक्यात १०२३ बाइट मावत, त्यामुळे २४ बिट-१९२ किलोहर्ट्झ त्यात बसत नसे. २००६ च्या दुसऱ्या आवृत्तीने ही मर्यादा हटवली. विंडोजने मात्र तिला स्वतःहून ओळखायला २०१७ साल उजाडले. तोपर्यंत वेगळा ड्रायव्हर टाकावा लागे आणि त्या कटकटीचा दोषही लोक यूएसबीलाच देत.

२३/ यूएसबीचा खरा उणेपणा वेगळा आहे. तिच्यातून आकड्यांबरोबर संगणकाची वीज आणि अर्थिंगही येते. डॅकला स्वतंत्र वीजजोड असेल, त्याला स्पीकर ॲम्प्लिफायरही जोडलेला असेल, तर अर्थिंगचा फेरा तयार होऊन घुंऽऽ असा आवाज येऊ शकतो. कधी माउस हलवताच चिर्र होते. अशा वेळी १९८३ चा तो प्लास्टिकचा धागा कामाला येतो. वीजच जात नाही, तर फेरा कसला? कड थोडी मंद होते, जिटर थोडा वाढतो, आणि बऱ्याच ठिकाणी ९६ किलोहर्ट्झच्या वर खात्री देता येत नाही. पण ऐकू न येणाऱ्या जिटरपेक्षा ऐकू येणारी घरघर घालवणे केव्हाही शहाणपणाचे. टीव्ही आणि गेमच्या यंत्रांसाठीही, ते सॉकेट असल्यास, हीच वाट.

२४/ कोॲक्शियल सीडी प्लेयरसाठी चांगली. १९२ किलोहर्ट्झपर्यंत ती ऑप्टिकलपेक्षा भरवशाची. एक्सएलआर स्टुडिओबाहेर क्वचितच लागते. टेबलावरील एक मीटर अंतरासाठी तिच्यावर जादा पैसे घालणे म्हणजे गल्लीतल्या गल्लीत जायला रेल्वेचे आरक्षण करण्यासारखे.

२५/ घरात जुना सीडी प्लेयर असेल, तर तो अशा डॅकला कोॲक्शियलने जोडून पाहावा. ४४,१०० फ्रेम सेकंदाला, १९२ फ्रेमांचा एक गट, म्हणजे दर सेकंदाला सुमारे २३० वेळा १९८९ च्या त्या समझोत्यातली नक्कलबंदीची खूण आजही तारेतून जात असते. डॅक मुद्रण करतच नाही. त्यामुळे ती खूण पाळण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी येत नाही.